लेन्स लावून झोपलं तर डोळ्याला नेमकं काय होतं? चाळीस वर्षांचं संशोधन काय सांगतं

विशेष लेख : शुक्रवारी रात्री पुण्याहून बेळगावची बस धरायची, शनिवारी सकाळी उतरून थेट हळदीच्या कार्यक्रमाला जायचं. लेन्सची डबी बॅगेत तळाशी, बॅग डिकीत. मग काय करतात? बरेच जण तसेच झोपतात. 'एका रात्रीनं काय होतंय?' सकाळी डोळे थोडे रवरवतात, घरी आल्यावर नळाखाली तोंड धुताना दोन हबके डोळ्यांवर मारले की बरं वाटतं. आणि दहापैकी नऊ वेळा खरंच काही होत नाही.

अडचण इथंच आहे. काही होत नाही म्हणून सवय लागते. सवय लागली की एखाद्या दिवशी होतं, आणि तेव्हा प्रकरण साध्या 'डोळे आले'वर थांबत नाही. बुबुळावर व्रण होतो, तो भरला तरी मागे पांढरा डाग राहतो. आपल्याकडे जुनी माणसं ज्याला 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात, तेच हे. डाग बरोबर मधोमध आला तर त्या डोळ्यानं वाचता येत नाही.

डॉक्टर आणि चष्म्याचे दुकानदार दोघेही सांगतात : लेन्स लावून झोपू नका, पाणी लावू नका, डबी बदला. पण का, हे कुणी बसून सांगत नाही. या प्रत्येक सूचनेमागे माणसांवर केलेला अभ्यास आहे, आणि त्यातले काही निष्कर्ष संशोधकांनाही चकित करणारे होते.

हवेतून श्वास घेणारी काच

बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तो पारदर्शक राहावा म्हणून त्यात रक्तवाहिन्या नसतात. मग त्याला प्राणवायू मिळतो कुठून? डोळा उघडा असताना थेट हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून. झोपेत पापणी मिटली की पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्यांवर भागवावं लागतं. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो, मिटलेल्या पापणीखाली तो साधारण ८ टक्क्यांवर येतो. म्हणून लेन्स न लावताही सकाळी उठल्यावर कॉर्निया तीन-चार टक्के सुजलेला असतो. डोळे उघडले की तासाभरात ती सूज उतरते.

कॉर्नियाच्या सगळ्यात वरच्या आवरणात पाच ते सात पेशींचे थर असतात. आठ-दहा दिवसांत हे आवरण पूर्ण नवं होतं. त्यावर अश्रूंचा थर : आत चिकट म्युसिन, मध्ये पाणी, वर तेलाचा पापुद्रा. दर पापणीगणिक हा थर पुसला जातो आणि नवा पसरतो. डोळ्यात रोज धूळ जाते, जंतू जातात, तरी रोज संसर्ग होत नाही तो याच्यामुळे. प्रयोगशाळेत निरोगी, न खरचटलेल्या कॉर्नियावर जंतू सोडले तरी सहसा संसर्ग होत नाही. आधी हे संरक्षण कुठंतरी ढिलं पडावं लागतं.

खेळण्याच्या सेटवर बनलेली लेन्स

मऊ लेन्स हा प्रकार आला चेकोस्लोव्हाकियातून. ऑटो विक्टरले नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९६१ च्या नाताळात, घरच्या टेबलावर, मुलांच्या मेर्कुर या जोडणीच्या खेळण्यातून एक यंत्र उभं केलं. ते फिरवायला सायकलचा डायनामो लावला आणि पाणी शोषणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या पहिल्या लेन्स ओतल्या. १९७१ मध्ये अमेरिकेनं मऊ लेन्सला परवानगी दिली. त्याआधीच्या काचेच्या आणि कडक प्लॅस्टिकच्या लेन्सपेक्षा ही कितीतरी सुखाची. इतकी सुखाची, की लोक ती काढायचंच विसरू लागले. पुढे तर रात्रंदिवस घालायच्या लेन्स म्हणूनच काही प्रकार विकले जाऊ लागले.

१९८९ साली अमेरिकेत याचा हिशेब मांडला गेला. एका मोठ्या अभ्यासात असं निघालं की फक्त दिवसा मऊ लेन्स घालणाऱ्यांत वर्षाला दर दहा हजारांमागे सुमारे ४ जणांना कॉर्नियाचा व्रण होतो. रात्रंदिवस घालायच्या लेन्स वापरणाऱ्यांत हाच आकडा सुमारे २१. म्हणजे पाचपट. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासानं दाखवलं की रात्री झोपताना लेन्स ठेवणं हेच या धोक्याचं मुख्य कारण आहे.

प्राणवायू वाढवला, तरी आकडा हलला नाही

त्या काळी सगळ्यांना वाटायचं, दोष प्राणवायूचा. तर्क बरोबर वाटत होता. पापणीखाली आधीच प्राणवायू कमी, त्यात मध्ये लेन्सची आडकाठी. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे ब्रायन होल्डन आणि त्यांचे सहकारी जॉर्ज मर्ट्झ यांनी लेन्समधून किती प्राणवायू आरपार गेला पाहिजे याची किमान मर्यादा ठरवून दिली होती, दिवसासाठी वेगळी आणि रात्रीसाठी वेगळी. कंपन्यांनी ते लक्ष्य धरलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स आल्या. पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू आत सोडणाऱ्या. कॉर्नियाची सूज कमी झाली, डोळ्याच्या कडेनं आत सरकणाऱ्या लाल रक्तवाहिन्या कमी झाल्या. आता संसर्गही कमी होणार, अशी सगळ्यांची अपेक्षा.

तसं झालं नाही. ऑस्ट्रेलियात वर्षभर देशभरातल्या नेत्रतज्ज्ञांकडून रुग्णांची नोंद घेतली गेली आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापले गेले. रात्री लेन्स ठेवणाऱ्यांत दर दहा हजारांमागे जुन्या मऊ लेन्सचा आकडा १९.५ होता, नव्या सिलिकॉन हायड्रोजेलचा २५.४. फक्त दिवसा जुन्या प्रकारची मऊ लेन्स वापरणाऱ्यांत तो १.९ होता. लेन्स नवी आली, प्राणवायू वाढला, पण झोपेचा धोका होता तिथंच राहिला.

मग दोष कशात? आज मानलं जातं ते असं. मऊ लेन्सच्या मागचे अश्रू फारसे बदलत नाहीत, झोपेत तर पापणी हलतच नाही. वरच्या आवरणाच्या पेशींचं झडणं-नवं होणं मंदावतं. साचलेल्या त्या पाण्यात जंतूंना कॉर्नियाला चिकटून राहायला वेळ मिळतो. लेन्सच्या संसर्गात सगळ्यात जास्त सापडणारा स्यूडोमोनास हा जंतू ओलसर जागी राहणारा. मोरी, नळाचं तोंड, लेन्सची डबी ही त्याची घरं. डबीच्या आत तो बुळबुळीत थर करून बसतो आणि तिथून लेन्सवर येतो.

या कोड्याचा एक तुकडा आपल्या जवळच, हैदराबादेत जुळला. तिथल्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेनं सिडनीच्या संशोधकांबरोबर रात्रंदिवस लेन्स घालणाऱ्यांचा पाठपुरावा केला. २००० मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा : ज्या वेळी डोळ्याला दाह झाला, त्या वेळी काढलेल्या लेन्सवर जंतूंचं प्रमाण जास्त होतं, काही त्रास नसतानाच्या लेन्सवर कमी. म्हणजे लेन्सवर काय बसलंय, हा प्रश्न प्राणवायूइतकाच महत्त्वाचा. होल्डन यांचं आणि या संस्थेचं नातं इतकं जुनं की तिथल्या संशोधन केंद्राला त्यांचं नाव आहे.

पाणी का नको?

'आमचं नळाचं पाणी स्वच्छ आहे की.' पिण्यासाठी असेल. पण नळाच्या, टाकीच्या, विहिरीच्या, तलावाच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. पिऊन पोटात गेला तर त्याचं काही चालत नाही. कॉर्नियात शिरला तर मात्र महिनोन्महिने ठाण मांडतो. संकटात तो भोवती दुहेरी कवच करून बसतो, त्यामुळे क्लोरीनही पुरत नाही आणि औषधंही. वेदना भयंकर, उपचार लांबलचक.

लंडनच्या मूरफिल्ड्स रुग्णालयाच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या रोगाचे रुग्ण आणि इतर लेन्सधारक यांची तुलना केली गेली. रोज फेकायच्या लेन्सच्या तुलनेत पुन्हापुन्हा वापरायच्या लेन्स घालणाऱ्यांत धोका सुमारे ३.८ पट. लेन्स घालून शॉवर घेणाऱ्यांत तिपटीहून जास्त. आणि सगळ्यांनी डोळ्यांत भरून घ्यावा असा एक आकडा : रोज फेकायची लेन्स दुसऱ्या दिवशी पुन्हा लावणाऱ्यांत पाचपटीहून जास्त. म्हणजे पैसे वाचवायला केलेली काटकसर सगळ्यात महाग.

सोल्युशनचंही तसंच. २००५-०६ मध्ये सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिकेत लेन्सधारकांत फ्युजेरियम या बुरशीची साथ आली. एकट्या अमेरिकेत १६४ रुग्णांचं निदान पक्कं झालं, त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांवर कॉर्निया बदलण्याची वेळ आली. एका विशिष्ट सोल्युशनशी संबंध दिसला आणि मे २००६ मध्ये ते जगभरातून मागे घेतलं गेलं. पण त्याच चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली : डबीतलं कालचं सोल्युशन पुन्हा वापरण्याची सवय रुग्णांत जास्त होती. थेंबभर सोल्युशन वाचवायला जाऊन हे झालं.

रोज फेकायच्या लेन्स म्हणजे सगळं बिनधोक?

तसं नाही. त्याच २००८ च्या अभ्यासात दिवसा वापरायच्या लेन्समध्ये रोज फेकायच्या लेन्सचा संसर्गदर २ होता, साध्या मऊ लेन्सच्या १.९ इतकाच. फरक पडला तो परिणामात : संसर्ग झालाच तर रोज फेकायच्या लेन्समध्ये दृष्टी जाण्याचं प्रमाण कमी दिसलं. डबी नाही, म्हणून डबीतले जंतू नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ लावता येतो. धोका वाढवणाऱ्या बाकी गोष्टी त्याच अभ्यासात नोंदल्या आहेत : अस्वच्छ डबी, धूम्रपान, इंटरनेटवरून लेन्स मागवणं आणि लेन्सचा सहा महिन्यांपेक्षा कमी अनुभव. आपल्याकडे लग्नाच्या मेकअपसोबत पहिल्यांदाच रंगीत लेन्स लावणाऱ्या मुलींनी ही यादी नीट वाचावी. नंबर नसला तरी लेन्स ती लेन्सच. मैत्रिणीची लेन्स आपण लावणं तर नकोच.

आणि संसर्ग सोडला तरी रोजचा कोरडेपणा आहेच. डोळ्याच्या पृष्ठभागाचा अभ्यास करणाऱ्या टीएफओएस या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१३ मध्ये अहवाल काढला, त्यानुसार लेन्सधारकांपैकी निम्म्यांपर्यंत लोकांना कधी ना कधी लेन्सचा त्रास होतो, तोही जास्त करून संध्याकाळी. लेन्स अश्रूंच्या थराचे दोन भाग करते, वरचा भाग लवकर सुकतो. त्यात मोबाईल बघताना आपण पापण्या कमी मिटतो. संध्याकाळी डोळे कोरडे पडले तर थेंब टाकून लेन्स रेटण्यापेक्षा ती काढून चष्मा लावलेला बरा.

शेतातला डोळा विसरू नका

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्या भागात कॉर्नियाच्या व्रणाचं मोठं कारण लेन्स नाही, शेत आहे. तमिळनाडूतल्या मदुराई जिल्ह्याच्या अभ्यासात वर्षाला दर लाखामागे ११३ जणांना व्रण होत असल्याचं दिसलं. तिथल्याच रुग्णांच्या अभ्यासात बहुतेकांना आधी डोळ्याला काहीतरी लागलं होतं. ऊसतोडणी, भातकापणी, मळणी करणाऱ्या आपल्या माणसांनाही पात्याचा फटका, कुसळ, माती हे रोजचंच. पोरगी लेन्सनं आणि बाप उसाच्या पात्यानं, पण डोळा दोघांचाही तोच, आणि लक्षणंही तीच.

म्हणून घरात सगळ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. लेन्स हाताळण्याआधी साबणानं हात धुवून कोरडे करा. झोपण्याआधी, अगदी दुपारच्या डुलकीआधीही लेन्स काढा. डबी रात्रीच्या बसमध्ये हातातल्या पिशवीत ठेवा. लेन्स सोल्युशननं चोळून धुवा, डबीतलं सोल्युशन रोज ओतून टाका, डबी उघडी करून उलटी वाळत ठेवा आणि तीन महिन्यांत बदला. आंघोळ आणि पोहणं लेन्सशिवाय.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, अंधुक दिसू लागलं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा. मेडिकलमधून 'लाल डोळ्याचे ड्रॉप' आणून टाकू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर लाली उतरते, बरं वाटतं आणि खाली बुरशी वाढत राहते. आणि जाताना काढलेली लेन्स व डबी फेकून देऊ नका, सोबत घेऊन जा. कुठल्या जंतूनं डोळा धरलाय, हे कधीकधी त्या डबीतच सापडतं.