आठ फ्रेमची मुभा

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ मोजलं तर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. डोंबिवलीतल्या मुलाने बटण दाबलं की ते न्यू जर्सीतल्या मावसभावाला कळायला, केबल अगदी नाकासमोर टाकली तरी, 60 मिलिसेकंद लागणारच. फायटिंग गेम सेकंदाला 60 फ्रेम दाखवतो. म्हणजे तोवर जवळपास चार फ्रेम उलटून गेलेल्या असतात, आणि या खेळांतले काही ठोसे तीन-चार फ्रेममध्येच बसतात. इंटरनेटचा महागडा प्लॅन घेऊन ही अडचण सुटत नाही.

संपादकांनी गेममागच्या तंत्रावर लिहायला सांगितलं, तेव्हा मी जीजीपीओचा सोर्स कोड वाचायला घेतला तो यासाठीच. नेटवर्कवरून फायटिंग गेम खेळता यावेत म्हणून सी++ मध्ये लिहिलेली ही लायब्ररी टोनी कॅनन यांची. भाऊ टॉम यांच्यासह ते इव्हो या फायटिंग गेमच्या प्रसिद्ध स्पर्धेचे संस्थापक, म्हणजे स्वतः खेळणारे. 2006 मध्ये एक्सबॉक्स 360 वर आलेला जुना स्ट्रीट फायटर ऑनलाइन खेळताना अडखळत होता, ते त्यांना सहन झालं नाही. त्यातून जीजीपीओ जन्मली. पुढे स्कलगर्ल्ससारख्या गेमनी ती वापरली आणि ऑक्टोबर 2019 मध्ये ती एमआयटी परवान्याखाली सर्वांना खुली झाली.

जुनी पद्धत थांबण्याची होती. समोरच्याचं बटण पोहोचेपर्यंत तुमचंही बटण रोखून धरायचं. दोघांना सारखाच उशीर, पण हात जड झाल्यासारखे वाटत. जीजीपीओ थांबत नाही. तुमचं बटण ती लगेच लागू करते आणि समोरच्याबद्दल एक साधा अंदाज बांधते: मागच्या फ्रेमला त्याने जे दाबलं होतं, तेच अजून दाबलेलं असेल. माणसाची बोटं सेकंदाच्या साठाव्या भागात क्वचितच बदलतात, त्यामुळे हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. चुकला, तर खरं बटण येताच ती खेळ त्या जुन्या फ्रेमवर मागे नेते (यालाच रोलबॅक म्हणतात) आणि मधल्या साऱ्या फ्रेम पडद्यावर न दाखवता पुन्हा चालवते. खतावणीत मागची एखादी नोंद चुकलेली सापडली की हिशेबनीस तिथपासून खालच्या सगळ्या बेरजा नव्याने करतो, तसं. खेळणाऱ्याला दिसतं ते इतकंच की प्रतिस्पर्धी किंचित उडी मारून पुढच्या पवित्र्यात आला.

मागे किती जायचं यालाही मर्यादा आहे. कोडमध्ये ती आठ फ्रेमची ठेवली आहे. त्यापलीकडे समोरून काहीच आलं नाही, तर लायब्ररी अंदाज बांधणं थांबवते आणि वाट बघते. अंदाजाला मुभा द्यायची, पण मोकाट सोडायचं नाही, हा विवेक मला फार आवडला. पाठवणीतही तीच सावधगिरी आहे. नुकतं दाबलेलं बटण एकटं जात नाही. ज्यांची पोच अजून आलेली नाही ती मागची सगळी बटणंही त्याच पाकिटात जातात. एखादं पाकीट वाटेत हरवलं तरी पुढचं पाकीट ती तूट भरून काढतं.

तुमचा गेम मुष्टियुद्धाचा आहे की अंतराळयानांचा, याची जीजीपीओला फिकीर नाही. तिच्या मुख्य मागण्या तीन: आताची स्थिती साठवून दे, साठवलेली स्थिती परत लाव, एक फ्रेम पुढे चल. ऐकायला सोपं आहे, पण खरी परीक्षा इथेच सुरू होते.

कारण त्याच स्थितीतून त्याच बटणांनी पुढे गेलं की गेमने दर वेळी तंतोतंत तिथेच पोहोचलं पाहिजे. यादृच्छिक आकड्यांचं बीज साठवायला विसरलात, घड्याळाची वेळ कुठे हिशेबात घेतलीत, दशांश अपूर्णांकांची बेरीज दोन प्रोसेसरवर शेवटच्या स्थानी वेगळी आली, की दोन्हीकडचे खेळ हळूहळू वेगळे होतात. एकाच्या पडद्यावर जो जिंकला, तो दुसऱ्याच्या पडद्यावर हरलेला असतो! आवाजाचंही तसंच. अंदाजात ठोसा बसला, आवाज वाजला, आणि मग कळलं की ठोसा बसलाच नव्हता. वाजलेला आवाज परत कसा घेणार? शिवाय मागे जाऊन पुन्हा चालवणं एका फ्रेमच्या वेळात उरकावं लागतं. मॉर्टल कॉम्बॅट बनवणाऱ्या नेदररेल्मच्या अभियंत्याने 2018 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या व्याख्यानाच्या शीर्षकातच हे आव्हान मांडलं होतं: 16 मिलिसेकंदांत आठ फ्रेम.

मर्यादा आणखीही आहेत. खेळाडू जास्तीत जास्त चार. संपूर्ण खेळ प्रत्येकाच्या यंत्रावर चालत असल्याने पत्त्यांसारख्या, काही लपवून ठेवायच्या खेळांना ही रचना सोयीची नाही. प्रतिस्पर्धी शोधून देणं, राउटरपल्याडच्या दोन यंत्रांची गाठ घालणं, हे काम तुमचं तुम्हालाच करावं लागतं. तरीही 2020 च्या महामारीत इव्होने ऑनलाइन स्पर्धा आखली, तेव्हा खुल्या स्पर्धांसाठी निवडलेले चारही गेम रोलबॅकवर चालणारे होते. ती स्पर्धा वेगळ्याच कारणाने रद्द झाली, पण या तंत्राचं महत्त्व तोवर सर्वांना पटलं होतं. त्यानंतर अनेक मोठ्या गेमनी हीच कल्पना घेऊन स्वतःचा कोड लिहिला.

पुण्या-नाशकात वसतिगृहाच्या खोलीत बसून दोघांचा गेम बनवू पाहणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. जीजीपीओत सिंकटेस्ट नावाची सोय आहे. ती एकाच यंत्रावर, नेटवर्कशिवाय चालते. खेळ मुद्दाम सतत मागे नेते, पुन्हा चालवते आणि दोन्ही वेळच्या स्थितीचा चेकसम, म्हणजे त्या स्थितीवरून काढलेला आकडा, ताडून पाहते. फरक पडला की तिथल्या तिथे थांबते. गेम पूर्ण झाल्यावर रोलबॅक बसवायला गेलात तर अर्धा गेम नव्याने लिहावा लागेल. म्हणून पडद्यावर नुसता एक चौकोन हलत असेल, तेव्हापासूनच सिंकटेस्ट चालू ठेवा.