ओटीपी सांभाळला, पण अंगठ्याचं काय?

‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे आता शाळकरी पोरांनाही पाठ झालंय. सल्ला खराच आहे, पण त्यातून ओटीपी सांभाळला की खातं सांभाळलं असा समज पसरलाय. आधारवर चालणाऱ्या एईपीएस व्यवहारात बहुतेक वेळा ओटीपी लागतच नाही. बँकमित्राच्या छोट्याशा यंत्रावर बँकेचं नाव निवडायचं, 12 आकडी आधार क्रमांक टाकायचा आणि बोट टेकवायचं. एका वेळी 10,000 रुपयांपर्यंत रक्कम हातात पडते. ज्या वाडीवर एटीएम नाही, तिथल्या म्हातारीला ही सोय मोलाचीच. पण चोरालाही एवढंच लागतं. तेलंगणात 2018 मध्ये जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांची रबरी नक्कल करून हजारो सिमकार्डं सुरू केल्याचं पोलिसांनी उघडकीस आणलं. पुढे हरियाणात त्याच युक्तीने लोकांच्या खात्यांतून पैसे काढले गेले. या खातेदारांनी ना कुठली लिंक उघडली होती, ना कुणाला आकडे सांगितले होते. त्यांनी फक्त दस्त नोंदवला होता.

पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून गुपित जपण्याइतकंच, आपला आधार क्रमांक किती ठिकाणी पडून आहे, याकडे पाहायला हवं. लॉजच्या काउंटरवर, सोसायटीच्या फायलीत, सिमच्या दुकानात आपण न विचारता झेरॉक्स काढून देतो. ‘माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?’ असं म्हणणाऱ्यांच्या घरालाही कडी असतेच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सरकारी दप्तरातूनच माहिती बाहेर पडते, तिथे सामान्य माणूस काय करणार? खरंच आहे, दस्तावरचा ठसा झाकायची जबाबदारी त्या कार्यालयाची. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूदही आहे. मात्र हा दंड सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याचं खातं रिकामं झालं त्याला त्यातून छदामही मिळत नाही. तेव्हा कायद्याच्या भरवशावर आपलं दार उघडं ठेवण्यात शहाणपण नाही.

झेरॉक्स मागितली की मास्क्ड आधार द्यावं. त्यावर पहिले आठ आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे चार दिसतात. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआय या प्राधिकरणाच्याच संकेतस्थळावरून उतरवता येतं, त्यामुळे ‘हे चालत नाही’ म्हणणाऱ्याला तसं ठणकावून सांगायला हरकत नाही. मे 2022 मध्ये यूआयडीएआयच्या बंगळूरु कार्यालयाने झेरॉक्स वाटू नका असं पत्रक काढलं आणि दोनच दिवसांत ते मागे घेण्यात आलं. लोकांचा गोंधळ तेव्हापासूनचा. दुसरा उपाय बायोमेट्रिक लॉकचा. त्याच संकेतस्थळावर किंवा आधारच्या अॅपमध्ये ठशांना कुलूप लावता येतं आणि गरजेपुरतं उघडताही येतं. रेशन दुकानात दरमहा अंगठा लावणाऱ्याला मात्र ते जाचक ठरेल. सगळ्यात जास्त धोका ज्याला, त्यालाच हे कुलूप परवडत नाही, ही या व्यवस्थेतली मोठी खोट आहे.

ज्यांना ते परवडतं त्यांनी ते आजच लावावं. तरीही पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत लेखी कळवा. दोष तुमचा नसेल आणि बँकेचाही नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे तेवढ्या मुदतीत कळवणाऱ्यावर नुकसानीचा भार पडत नाही.