जुने इंजिन घरच्या घरी (भाग ४) : धुण्याआधी पाहणी, बसवण्याआधी मापन

मागील भागात बजाज चेतकचे इंजिन गाडीवरून उतरवण्यापासून ते हेड, सिलिंडर, पिस्टन, फ्लायव्हील व क्लच सुटे करून क्रँककेसचे, म्हणजे क्रँक आणि गिअर ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या कवचात बसतात त्याचे, दोन भाग वेगळे करण्यापर्यंतच्या कामाचे विवेचन झाले. सुटे भाग मांडून झाले की पहिला हात साहजिकच रॉकेलच्या डब्याकडे जातो, आणि नेमके तेथेच थांबणे आवश्यक असते. कारण इंजिनाच्या दुखण्याचा जो पुरावा वर्षानुवर्षे त्याच्या आतील पृष्ठभागांवर साचलेला असतो, तो एका धुण्यात कायमचा नाहीसा होतो.

चेतक १९७२ साली बाजारात आली, तेव्हा बजाजचा इटलीच्या पियाज्जो कंपनीशी असलेला परवान्याचा करार नुकताच संपला होता. तरी इंजिनाची आखणी व्हेस्पाच्याच वळणाची राहिली. ५७ मिमी व्यासाचा बिडाचा सिलिंडर, त्यात पिस्टनची तेवढीच ५७ मिमीची धाव आणि त्यातून येणारी १४५.४५ घनसेंटिमीटर क्षमता, अशी ही दोन धावांची, म्हणजे टू-स्ट्रोक, रचना आहे. अशा इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते, तेथून सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्यांवाटे, ज्यांना पोर्ट म्हणतात, वर चढते आणि मग जळते. त्यामुळे क्रँक व पिस्टनला लागणारे वंगण वेगळे न ठेवता पेट्रोलमध्येच साधारण २ टक्के, म्हणजे लिटरमागे २० मिली, मिसळावे लागते. हे तेल पूर्णपणे जळत नाही. त्याचा उरलेला अंश हेडच्या पोकळीत, पिस्टनच्या माथ्यावर, रिंगांच्या खाचांत आणि सर्वाधिक धूर बाहेर पडण्याच्या पोर्टमध्ये काजळीच्या रूपाने घट्ट बसतो.

या काजळीचा रंग आणि पोत वाचता येतो. पिस्टनचा माथा व प्लगचे टोक कोरडे आणि तपकिरी असेल तर मिश्रण योग्य होते असे समजावे. ते पांढुरके, भाजल्यासारखे असेल तर इंजिनाला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त मिळत होती. याचे कारण कार्बोरेटरमध्ये असू शकते, परंतु फ्लायव्हीलच्या बाजूचे ऑईल सील कडक होऊन तेथून बाहेरची हवा आत ओढली जात असण्याची शक्यताही तेवढीच असते, आणि हे सील न बदलता केवळ पिस्टन बदलला तर नवा पिस्टनही तापून सिलिंडरला धरण्याचा धोका राहतो. उलट सगळीकडे ओली, काळी, तेलकट काजळी असेल तर क्लचच्या बाजूचे सील तपासावे, कारण ते झिजले की गिअरचे तेल क्रँककेसमध्ये खेचले जाऊन जळते. दाट पांढरट धूर आणि दर काही दिवसांनी कमी होणारे गिअर ऑईल ही त्याचीच लक्षणे होत. पिस्टनच्या बाजूंवर रिंगांच्या खाली तपकिरी पट्टे उतरलेले असतील तर जळते वायू रिंगांना चुकवून खाली जात होते, म्हणजे रिंगा खाचेत अडकल्या होत्या किंवा सिलिंडर झिजला होता. ही सर्व निरीक्षणे वहीत लिहावीत आणि भागांची छायाचित्रे काढून ठेवावीत. मगच धुण्यास हात घालावा.

धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल, जुना रंगाचा ब्रश आणि धागे न सुटणारे सुती फडके एवढे साहित्य पुरते. पेट्रोल वापरू नये, ही सूचना औपचारिक समजू नये: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या ठिणगीनेही पेट घेऊ शकते. कॉस्टिक सोड्याबाबतही अशीच दक्षता हवी. सायलेन्सरच्या पोलादी नळीतील काजळी त्याने निघते हे खरे, तथापि अ‍ॅल्युमिनियमशी त्याची रासायनिक क्रिया होऊन धातू खाल्ला जातो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. म्हणून पिस्टन, हेड आणि क्रँककेस यांना त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. या भागांवरील काजळी रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून लाकडाच्या किंवा पितळेच्या पट्टीने खरवडावी, कारण स्क्रू-ड्रायव्हरने पडलेला ओरखडा पुन्हा काजळी धरतो. रिंगांच्या खाचा साफ करण्यासाठी गॅरेजमध्ये जुनी रिंग मोडून तिच्या टोकाने खाच कोरण्याची पद्धत आहे, आणि ती चांगली आहे, मात्र खाचेचा धातू तासला जाऊ न देता केवळ काजळी काढण्याचा संयम हवा. प्रत्येक खाचेत एक बारीक खुंटी असते, जिच्यामुळे रिंगेची टोके फिरून पोर्टच्या खिडकीत अडकत नाहीत; ती सैल किंवा झिजलेली दिसली तर बाकी कितीही चांगला असला तरी तो पिस्टन बाद करावा.

स्वच्छ झालेल्या सिलिंडरची परीक्षा हा या भागाचा गाभा आहे, आणि घरगुती दुरुस्तीत सर्वांत जास्त घाई येथेच होते. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून क्षणभर थांबतो तेथे उष्णता सर्वाधिक आणि तेलाचा थर सर्वांत पातळ असल्याने वरच्या रिंगेच्या वळणावर झीज जास्त होते. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका असताना पिस्टन एका बाजूला रेटला जात असल्याने गोल बोअर, म्हणजे सिलिंडरची आतील पोकळी, हळूहळू लंबगोल होतो. वर्कशॉपमध्ये हे बोअर गेजने, वर, मध्ये व खाली अशा तीन उंचींवर प्रत्येकी दोन दिशांना मोजतात. ते साधन नसताना एक नवी रिंग आणि फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा, यांवर बरेच काम भागते. रिंग प्रथम सिलिंडरच्या तळाशी, जेथे ती चालताना कधी पोहोचत नाही अशा न झिजलेल्या जागी, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ बसवावी आणि तिच्या टोकांमधील फट मोजावी. मग तीच रिंग वरच्या वळणापाशी बसवून पुन्हा मोजावे. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या सुमारे ३.१४ पट असल्याने दोन फटींतील फरकाला ३.१४ ने भागले की व्यासातील झीज मिळते. समजा तळाशी फट ०.३० मिमी आणि वर ०.६२ मिमी आली, तर फरक ०.३२ मिमी, म्हणजे बोअर वरच्या बाजूला सुमारे ०.१० मिमीने रुंदावला आहे. लंबगोलपणा या रीतीने आकड्यात मिळत नाही. परंतु सिलिंडर उजेडाकडे धरला असता रिंग आणि भिंत यांच्यामधून प्रकाशाची रेषा दिसली, तर तेवढी साक्ष पुरेशी असते.

अशा झिजलेल्या बोअरमध्ये केवळ नव्या रिंगा टाकून इंजिन बांधण्याची प्रथा सर्रास आढळते, आणि तिचे समर्थन करता येत नाही. नवी रिंग गोल असते आणि लंबगोल भिंतीला ती काही ठिकाणीच टेकते. काही दिवस किक सुधारल्याचा भास होतो, नंतर वायू पूर्वीसारखेच खाली उतरू लागतात आणि रिंगांचा खर्च व्यर्थ जातो. येथे रिबोअर, म्हणजे सिलिंडर आतून कातून पुढच्या मापाचा मोठा पिस्टन बसवणे, हाच उपाय आहे. हे यंत्रावरचे काम असल्याने ते जाणत्या लेथवाल्याकडेच द्यावे, मात्र पिस्टन आधी विकत घेऊन सिलिंडरसोबत त्याच्या हाती द्यावा, कारण बोअर पिस्टनच्या प्रत्यक्ष मापावरून कातला जातो, डबीवर छापलेल्या आकड्यावरून नव्हे. सिलिंडर परत आल्यावर पोर्टच्या कडांवरून बोट फिरवून पाहावे. कातल्यानंतर त्या कडा धारदार होतात आणि बारीक कानसेने किंचित मोडल्या नाहीत तर रिंगा तेथे ठेचतात. शेवटी साबणाच्या गरम पाण्याने बोअर धुऊन, लगेच पुसून, तेलाचा हात फिरवावा; कातताना राहिलेला बारीक भुगा रॉकेलने नीट निघत नाही.

क्रँकच्या बाबतीत पाहण्याची गोष्ट एकच, पण ती निर्णायक आहे. कनेक्टिंग रॉड उभा धरून सरळ वर-खाली ओढावा. थोडाही खटका जाणवला तर मोठ्या टोकाचे बेअरिंग संपले आहे. रॉड बाजूला थोडा हलतो, ते मात्र स्वाभाविक आहे आणि त्याला दोष समजून अनेक चांगले क्रँक विनाकारण उघडले जातात. हा क्रँक दाबाने जोडलेला असल्याने रॉड बदलून तो पुन्हा एका रेषेत आणणे प्रेस आणि डायल गेज असलेल्या वर्कशॉपचे काम आहे. चेतकच्या इंजिनात क्रँकच्या चकतीची कडच फिरताना कार्बोरेटरकडील छिद्र उघडते आणि झाकते, आणि ती कड व केसमधील तिची बैठक यांत मिलिमीटरच्या काही शतांशांइतकेच अंतर असते. म्हणून या बैठकीवरून नख फिरवावे: नख अडेल इतका खोल चरा असेल तर मिश्रण कार्बोरेटरकडे उलटे फेकले जाते, गाडी किकला दाद देत नाही, आणि नवा पिस्टन, नवी सील किंवा नवा कार्बोरेटर यांपैकी कशानेही तो दोष जात नाही. असे कवच आढळल्यास रिबोअरवर पैसे खर्च करण्यापूर्वीच दुसरे, चांगल्या बैठकीचे कवच शोधावे.