३० सेकंदांत आपला व्यवसाय कसा सांगायचा? 'एलिव्हेटर पिच' म्हणजे नेमकं काय?

समजा, मुंबईतल्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात साताऱ्याच्या एका बचत गटाचा स्टॉल आहे. एक दुकानदार येतो, नाचणीच्या बिस्किटांचं पाकीट उचलतो आणि विचारतो, "काय करता तुम्ही?" मागे गर्दी आहे आणि त्याला पुढचे स्टॉलही बघायचेत. उत्तर द्यायला फार तर अर्धा मिनिट मिळणार.

या अर्ध्या मिनिटात जे सांगायचं, त्याला 'एलिव्हेटर पिच' म्हणतात. लिफ्टमध्ये कुणी महत्त्वाची व्यक्ती भेटली, तर तिचा मजला येईपर्यंत सांगून होईल एवढीच ओळख, म्हणून हे नाव. एवढ्या वेळात ऑर्डर क्वचितच मिळते. समोरच्याने थांबून पुढचा प्रश्न विचारला, तरी काम झालं.

चुकतं कुठे?

बरेच जण अशी सुरुवात करतात: "आमचा गट ५ वर्षांपूर्वी सुरू झाला. आम्ही बिस्किटं, पापड, लाडू, मसाले, लोणची असं सगळं बनवतो. क्वालिटी एकदम चांगली आहे."

यात खोटं काहीच नाही. पण शेजारच्या स्टॉलवरही हेच ऐकू येतं. शिवाय दुकानदाराला यातून काय मिळणार, ते कळतच नाही.

मग सांगायचं कसं?

"मुलांच्या डब्यात रोज मैद्याची बिस्किटं जातात, याची बऱ्याच आयांना काळजी असते. आम्ही पाटण तालुक्यातल्या १२ जणी नाचणीची बिस्किटं बनवतो. मैदा अजिबात नाही आणि नाचणी आमच्याच शेतातली. साताऱ्यात ८ दुकानं आमचा माल ठेवतात. तुमच्याकडे २ आठवडे २० पाकिटं ठेवून बघाल का?"

यात चार गोष्टी आल्या:

१. अडचण: गिऱ्हाईकाला कशाची काळजी आहे.
२. उपाय: त्यावर आपण काय देतो. दहा वस्तू असल्या तरी इथे एकच सांगायची.
३. भरवसा: ८ दुकानं हा आकडा 'क्वालिटी चांगली'पेक्षा जास्त पटतो. मात्र आकडा खराच हवा. दुकानदार चौकशी करू शकतो. अजून एकही दुकान नसेल, तर घरच्या नाचणीवर थांबावं.
४. मागणी: शेवटी नेमकं काय हवंय ते विचारायचं. संकोचामुळे हीच गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते. 'बघा, जमलं तर' म्हटलं की समोरचा 'बघू' म्हणून निघून जातो.

माणूस बदलला की पिच बदला

मुद्रा कर्जासाठी बँकेत गेल्यावर डब्यातल्या मैद्याचं कौतुक कुणाला नसतं. तिथे महिन्याची विक्री, किती कर्ज हवं, त्यातून कोणतं मशीन घेणार आणि हप्ता कसा फेडणार, हे आधी सांगावं लागतं.

तयारी कशी करायची?

पिच लिहून काढा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. ३० सेकंदांच्या वर गेली, तर आधी विशेषणं कापा. मग धंद्याची माहिती नसलेल्या शेजाऱ्याला ऐकवा आणि काय कळलं ते विचारा. त्याला एका वाक्यात सांगता आलं नाही, तर पुन्हा लिहा.

पुढच्या प्रश्नांची उत्तरंही तयार ठेवा: घाऊक भाव काय, माल किती दिवस टिकतो, एफएसएसएआय नोंदणी आहे का? पिच ऐकून दुकानदार थांबला, तर हेच विचारणार.