डोळे मिटल्यावर काय दिसतं?

आईचा चेहरा आठवायला सांगितला, तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तो कमीअधिक स्पष्ट उभा राहतो. काहींना मात्र काहीच दिसत नाही. आई कशी दिसते हे त्यांना नीट ठाऊक असतं, चित्र तेवढं उमटत नाही. दुसऱ्याच्या डोक्यात डोकावता येत नसल्याने जो तो आपलाच अनुभव सर्वांचा धरून चालतो. म्हणूनच आपले असे विक्षिप्त वाटणारे अनुभव मित्रांना सांगणं ही निव्वळ टाइमपास बडबड नव्हे. ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० साली लोकांना न्याहारीचं टेबल आठवायला सांगितलं, तेव्हा असं चित्र दिसतं हेच काही वैज्ञानिकांना पटेना! पुढे विषय बराच काळ मागे पडला. २०१० मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन यांनी मनात चित्र पाहण्याची क्षमता गमावलेल्या एका रुग्णाविषयी लिहिलं. ‘डिस्कव्हर’ मासिकातला त्यावरचा लेख वाचून ‘आम्ही तर जन्मापासून असेच’ म्हणणारे पुढे आले. अशा २१ जणांवरच्या २०१५ च्या निबंधात या अवस्थेला ‘अफँटेशिया’ नाव मिळालं.

लोकांच्या सांगण्यावर कितपत विसंबायचं, हा आक्षेप रास्तच आहे. पण त्यालाही उत्तर मिळू लागलं आहे. लख्ख आकृती नुसती कल्पिली तरी इतरांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या आकसतात, अफँटेशिया असलेल्यांच्या आकसत नाहीत, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना २०२२ मध्ये आढळलं. आधी कुणी बोललंच नसतं, तर मोजायचं काय हेही सुचलं नसतं. तेव्हा एखाद्या मित्राला विचारून तर पाहा.