मृताची साक्ष

घरांतील वृद्ध माणूस दीर्घ दुखण्यानें गेलें, तर दुःख होतें; परंतु काळाच्या ओघांत तें निवतें. जें माणूस सकाळीं हिंडत-फिरत होतें, तें दुपारीं विहिरींत सांपडावें, हें दुःख मात्र आपल्यासवें एक प्रश्न घेऊन येतें. आणि त्या प्रश्नाचें उत्तर मिळेपर्यंत शोकहि पुरा होत नाहीं. असें असूनहि अशा मृत्यूची सरकारी चौकशी म्हणजे एक विटंबना, असें मानून ती शक्य तितक्या लवकर उरकण्याकडे आपल्या सुशिक्षित घरांचाहि कल असतो. ही समजूत किती अनर्थावह आहे, हें आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

ही चौकशी इंग्रजांनीं आणली, असें पुष्कळांस वाटतें. परंतु कौटिलीय अर्थशास्त्राच्या ‘कण्टकशोधन’ नामक चौथ्या अधिकरणांत ‘आशुमृतकपरीक्षा’ असा एक संबंध अध्यायच आहे. आशुमृतक म्हणजे अकस्मात् मेलेला मनुष्य. त्याच्या देहास तेल माखून परीक्षा करावी, असें तेथें सांगितलें आहे. गळा दाबलेल्याचीं, पाण्यांत गुदमरलेल्याचीं, उंचावरून लोटलेल्याचीं, विषानें व सर्पदंशानें मेलेल्याचीं लक्षणें निरनिराळीं दिलीं आहेत. उरलेल्या अन्नाची विषासाठीं परीक्षा, घरच्या नोकर-चाकरांची विचारपूस, बेवारशी देहाच्या वस्त्रालंकारांवरून त्याच्या ओळखीचा शोध, हेंहि त्यांत आलें आहे. सर्वांत मार्मिक सूचना अशी, कीं गळफासानें मेलेला दिसला तरी आधीं मारून मग टांगलें आहे काय, हें पाहावें. त्यांतील कांहीं कसोट्या आज ग्राह्य नाहींत. परंतु दिसतें त्यावर विसंबूं नये, ही दृष्टि आजहि तितकीच खरी आहे. हा ग्रंथ पुष्कळ काळ लुप्तप्राय होता. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं तो छापून प्रसिद्ध केला.

कौटिल्यानें उपस्थित केलेल्या त्या प्रश्नाचें उत्तर आजचें वैद्यकशास्त्र अधिक सूक्ष्मपणें देतें. स्वतः गळफास घेतलेल्याच्या मानेवरील वळ बहुधा उंच, हनुवटीच्या बाजूस आणि तिरपा असतो, व गांठीच्या ठिकाणीं तुटतो. दोरीनें गळा आवळलेल्याचा वळ बहुधा खालीं, आडवा आणि मानेभोंवतीं पुरा फिरलेला असतो. विषाचा संशय असल्यास जठर, यकृत, मूत्रपिंड इत्यादिकांचे अंश राखून रासायनिक परीक्षेकरितां पाठवितात. ह्या खुणा काळ जाईल तसतशा पुसट होऊं लागतात, आणि चितेवर तर कायमच्याच नाहींशा होतात. अंत्यविधीची घाई कां करूं नये, ह्याचें कारण एवढ्यांत आलें.

आतां कायद्याकडे वळूं. मुंबई शहरांत ह्या कामीं १८७१ च्या कायद्यान्वयें कॉरोनर नांवाचा स्वतंत्र अधिकारी असे. तें पद १९९९ सालीं बंद झालें. इतरत्र हें काम पोलिसांकडे होतें व आहे. पूर्वीं तें फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमानें चाले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमानें चालतें. आत्महत्या, अपघात, घात अथवा संशयास्पद मृत्यूची खबर मिळतांच पोलीस अधिकाऱ्यानें मॅजिस्ट्रेटास कळवून स्वतः जागेवर जावें, शेजारच्या दोन अथवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष देह पाहावा, जखमा, मोडलेलीं हाडें, वळ इत्यादि नोंदून मृत्यूचें वरकरणी दिसणारें कारण लिहावें, असा नियम आहे. लग्नास सात वर्षें पुरीं होण्याआधीं विवाहित स्त्रीनें आत्महत्या केल्यास, किंवा तिच्या मृत्यूंत दुसऱ्या कोणाच्या अपराधाचा संशय असल्यास, देह सरकारी डॉक्टरकडे पाठवावा, ही तरतूद १९८३ सालीं आली. मनुष्य कोठडींत मेला तर पोलिसांच्या चौकशीखेरीज न्यायदंडाधिकाऱ्यानेंहि चौकशी करावयाची असते.

ह्या साऱ्या यंत्रांत ‘प्रतिष्ठित रहिवासी’ म्हणजे आपणच आहों. आणि येथें आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणें भाग आहे. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आम्ही ज्या गांवीं शिक्षक होतों, तेथें एका परिचित घरची, लग्नास तीन वर्षें झालेली सून परसांतील विहिरींत मृत आढळली. पंच म्हणून आम्हांस बोलावणें आलें. घरच्या वडीलधाऱ्यांनीं हात जोडून म्हटलें, “मास्तर, झालें तें झालें. आतां लवकर आटपा.” आम्ही विहिरीपर्यंत गेलोंहि नाहीं, ओसरीवर बसून, लिहून आणलेल्या कागदावर सही केली. मृत्यु बुडून झाला, एवढें डॉक्टरांनीं सांगितलें. परंतु पाणी काढतांना तिचा पाय घसरला, तिनें आपण होऊन उडी घेतली, कीं कोणीं लोटलें, हें देह सांगत नव्हता. तें विहिरीच्या कांठानें सांगितलें असतें. पंचनाम्यांत लिहिलें होतें, कीं चपला कांठावर जोडीनें ठेवलेल्या व घागर बाहेर होती. पुढें कोर्टांत वकिलानें आम्हांस एकच विचारलें, “चपला आपण स्वतः पाहिल्या?” आम्हांस “नाहीं” म्हणावें लागलें.

आरोप शाबीत झाला नाहीं. तें घर दोषी असेल, तर आमच्या सहीमुळें सुटलें. निर्दोष असेल, तर त्याच सहीमुळें गांवाच्या नजरेंत कायमचें डागाळलें. आणि आपली लेक कशी गेली, हें त्या मुलीच्या आईस कधींच कळलें नाहीं. न वाचतां उत्तर लिहूं नका, असें जन्मभर मुलांस बजावणाऱ्या शिक्षकाच्या हातून हें घडलें.

म्हणून वाचकांस एवढीच विनंति. असा प्रसंग कोणावर न येवो. पण आलाच, तर प्राण वांचण्याची आशा असल्यास आधीं तो प्रयत्न करावा. ती नसल्यास देह व भोंवतालच्या वस्तू जागच्या हलवूं नयेत, कपडे बदलूं नयेत, भांडीं घासूं नयेत. शवपरीक्षेनंतर देह आप्तांच्या स्वाधीन होतो व सर्व संस्कार यथाविधि करतां येतात. तेव्हां धर्मलोपाची भीति नको. आणि पंच म्हणून बोलावणें आलें, तर जावें, डोळ्यांनीं पाहावें, लिहिलेलें अथपासून इतिपर्यंत वाचावें, न पाहिलेलें लिहिलें असेल तर तसें स्पष्ट सांगावें, आणि मगच सही करावी. मृताला बोलतां येत नाहीं. त्याची साक्ष आपल्या डोळ्यांनींच व्हावयाची असते.