ओखा बंदराची शंभरी : धक्का, मिठागर आणि प्रवाळ

सयाजीराव महाराजांनी काय काय उभारलं, हे बडोद्याच्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. आजवा सरोवर, न्यायमंदिर, कलाभवन, गावोगावची वाचनालयं ही यादी आपल्याला पाठ असते. त्या यादीत एक नाव मात्र सहसा येत नाही, कारण ते बडोद्यापासून फार लांब, सौराष्ट्राच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. ते म्हणजे ओखा बंदर. १९२६ साली बडोदा संस्थानाने हे बंदर सुरू केलं. २०२६ हे त्याच्या शंभरीचं वर्ष. हा आकडा केवळ समारंभापुरता नाही, त्याला कायद्याच्या दृष्टीनेही अर्थ आहे. त्याकडे शेवटी येऊ. आधी हे बंदर तिथे का झालं ते पाहू.

ओखामंडळ बडोद्याकडे कसं आलं?

द्वारका, बेट द्वारका आणि ओखा हा सगळा मुलूख म्हणजे ओखामंडळ. १८१७ मध्ये इंग्रजांनी तो गायकवाडांच्या हवाली केला. तिथल्या वाघेरांना हे कधीच पटलं नाही. जोधा माणेक आणि मुळू माणेक यांचा उठाव १८५७ नंतर दहाएक वर्षं धुमसत राहिला. १८५९ मध्ये इंग्रजी फौजेने बेट आणि द्वारका तोफा डागून घेतली. त्यामुळे ओखामंडळात बडोद्याचं राज्य म्हणजे वहिवाटदार, पोलीस ठाणं आणि सतत जागती नजर, असंच बराच काळ होतं.

बडोदा संस्थानाचा मुलूख तुकड्यातुकड्यांत विखुरलेला. कडी, बडोदा, नवसारी, अमरेली या प्रांतांच्या मधे इंग्रजांचा आणि इतर संस्थानांचा प्रदेश. मोठी जहाजं लागतील असं खोल पाणी संस्थानाला हवं होतं. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या ओख्याला ते मिळालं आणि समोरच्या बेटाचा आडोसाही मिळाला.

बंदराआधी समुद्राची पाहणी

इथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यायला हवी. धक्का बांधायच्या वीस वर्षं आधीच संस्थानाने तिथला समुद्र तपासून घेतला होता. १९०५-०६ मध्ये जेम्स हॉर्नेल या सागरी प्राणिशास्त्रज्ञाने ओखामंडळच्या किनाऱ्याची पाहणी केली. बडोदा सरकारला सादर झालेला त्याचा अहवाल दोन भागांत छापला गेला, पहिला १९०९ मध्ये आणि दुसरा १९१६ मध्ये. त्याने गोळा केलेले स्पंज आणि इतर नमुने युरोपातल्या तज्ज्ञांकडे गेले आणि त्यांची सविस्तर वर्णनं प्रसिद्ध झाली.

संस्थानाला निसर्गरक्षण करायचं होतं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. हेतू उत्पन्नाचा होता. मोती देणारे शिंपले किती, शंखांचा व्यापार किती वाढेल, हे दरबारला हवं होतं. बेटाला शंखोद्धार म्हणतात ते उगीच नाही. इथले शंख बांगड्यांसाठी पार बंगालपर्यंत जात. पण हेतू काहीही असो, बंदर होण्याआधी त्या पाण्यात काय होतं याची नोंद त्यामुळे राहिली. आज प्रवाळ किती घटलं, कोणते शिंपले उरले, हे ठरवायला अशा जुन्या नोंदीसारखा दुसरा आधार नाही.

बंदर आणि मीठ

काठेवाडच्या बंदरांत उतरलेला माल ब्रिटिश मुलखात नेताना विरमगामच्या नाक्यावर जकात भरावी लागे. १९१७ मध्ये ही जकात उठली आणि काठेवाडच्या बंदरांना बरे दिवस आले. ओखा सुरू झालं ते याच काळात. पण या बंदरांचा व्यापार मुंबईला जाचू लागला आणि १९२७ मध्ये विरमगामचा नाका परत उभा राहिला. म्हणजे बंदर जेमतेम वर्षाचं झालं आणि त्याच्या वाटेवर दांडा पडला!

बंदर टिकलं त्यात मिठाचा वाटा मोठा. कपिलराम वकील यांनी १९२७ च्या सुमारास ओखा सॉल्ट वर्क्स सुरू केलं. त्याच प्रयत्नांतून पुढे १९३९ मध्ये टाटा केमिकल्स उभी राहिली आणि मिठापूर वसलं. सोडा ॲश करायला मुख्यतः मीठ आणि चुनखडी लागते, आणि ओखामंडळात दोन्ही हाताशी. नव्हतं ते गोडं पाणी. ते जपून आणि पुन्हा पुन्हा वापरण्याची सवय या कारखान्याला दुष्काळांनी लावली.

१९७१ च्या युद्धात नौदलाच्या क्षेपणास्त्र नौका ओख्यात होत्या आणि पाकिस्तानी विमानांनी बंदरावर बॉम्ब टाकले. एवढ्याशा धक्क्याच्या वाट्याला केवढा इतिहास आला आहे, पाहा.

समुद्राला मिळालेलं कवच

ओख्यापासून जोडियापर्यंतचा आखाताचा दक्षिण किनारा १९८० मध्ये अभयारण्य झाला आणि १९८२ मध्ये त्यातला काही भाग राष्ट्रीय उद्यान ठरला. भारतातलं हे पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. ओहोटीला इथे प्रवाळ उघडं पडतं आणि चालत जाऊन पाहता येतं. प्रवाळाला ऊन लागतं. पाणी गढूळ झालं की ते गुदमरतं. म्हणून बंदरातला गाळ कधी उपसला आणि नेऊन कुठे टाकला, हा फक्त इंजिनिअरांचा प्रश्न राहत नाही.

मिठापूरचं प्रवाळ उघड्या समुद्राच्या बाजूला, उद्यानाच्या हद्दीबाहेर आहे. तिथे वन खातं, टाटा केमिकल्स आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया यांनी मिळून २००८ पासून प्रवाळ सावरण्याचं काम घेतलं. व्हेल शार्कची गोष्टही इथलीच. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर या अजस्र माशाची सर्रास शिकार होई. २००१ मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि २००४ मध्ये लोकजागृती सुरू झाली. मोरारी बापूंनी त्याला बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली. ती कोळ्यांना भिडली आणि ते जाळी कापून मासा सोडू लागले. फाटक्या जाळ्याची भरपाई मिळू लागली, हेही तितकंच महत्त्वाचं.

आणि चरकल्याची मिठागरं पाहा. मिठासाठी माणसाने बांधलेली ही खाचरं आज रोहित आणि इतर पाणपक्ष्यांची मोठी वस्ती आहेत. उद्योगाचा वारसा कुठे संपला आणि निसर्ग कुठे सुरू झाला, हे तिथे बोट ठेवून दाखवता येत नाही.

वास्तूंचं काय?

समुद्राला कायदा मिळाला. बंदराच्या जुन्या बांधकामांचं तसं नाही. बंदर राज्याच्या मेरिटाइम बोर्डाकडे, उद्यान वन खात्याकडे, लोहमार्ग रेल्वेकडे. प्रत्येकाचं काम वेगळं, आणि जुना धक्का, गोदाम, संस्थानी कचेरी जपणं हे यातल्या कुणाचंच मुख्य काम नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे स्मारक ठरायला वास्तू किमान शंभर वर्षांची लागते. ओख्यातल्या बंदराबरोबरच्या बांधकामांचं वय आत्ता कुठे तिथवर पोचतंय. म्हणून शंभरीचं महत्त्व. मात्र वय झालं म्हणजे संरक्षण मिळालं असं नव्हे. त्यासाठी सरकारने वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर करावी लागते.

दुरुस्तीतही सावधगिरी हवी. खाऱ्या हवेत दगडात मीठ मुरतं. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि दगड सोलवटत जातो. चुन्याचा गिलावा ती बाहेर जाऊ देतो. लोखंड तर तिथे दर वर्षी निगा मागतं. त्यामुळे आधी मोजमापं आणि फोटो, मग दुरुस्ती, हाच क्रम बरा. बंदर चालतं आहे, ते चालतंच राहावं. चालत्या बंदरातही जुनी क्रेन किंवा कोनशिला जागच्या जागी ठेवता येते.

२५ फेब्रुवारी २०२४ पासून सुदर्शन सेतूने ओखा आणि बेट जोडले गेले. पूर्वी बेटावर जायला ओख्याच्या जेट्टीवरून होडीच धरावी लागे. आता यात्रेकरूंच्या गाड्या थेट पुलावरून जातात, आणि जेट्टीकडे वळायचं कारण उरत नाही. जागा विस्मरणात जायला एवढं पुरतं.

आपल्याला काय करता येईल? बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांतले पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते. त्यांतले कुणी ओखामंडळात बदलीवर गेले असतील, तर घरातली पत्रं, फोटो, बदलीचे हुकूम, मोडीतले कागद एकदा काढून पाहा. त्यांची प्रत करून मंडळाकडे द्या, मूळ कागद तुमच्याकडेच राहू दे. हॉर्नेलच्या अहवालामुळे तिथल्या समुद्राची पहिली नोंद आपल्याकडे आहे. धक्क्याची आणि तिथे राबलेल्या माणसांची नोंद अजून जमवायची आहे, आणि ती आपल्याच घरांतून सुरू होऊ शकते.